इंग्लंडात शिकलेला हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या सांगण्यावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



याच व्यासपीठावर मी सात-आठ वर्षांची असताना पाठांतराच्या स्पर्धेत तिसऱ्या ओळीला अडखळले आणि रडत खाली उतरले होते. त्या दिवशी ज्या काकूंनी मला मांडीवर घेऊन खडीसाखर दिली, त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यामुळे आज जर मी पुन्हा अडखळले तर खडीसाखरेची सोय आहे, एवढा दिलासा मला आहे.

२०२१ साली मी शिक्षणासाठी इंग्लंडला निघाले तेव्हा मंडळाने माझी ओटी भरली. कोणी मेतकूट दिले, कोणी सांडगी मिरची, कोणी गोडा मसाला. बर्मिंगहॅमच्या थंडीत गरम भातावर मेतकूट घेताना आपल्या आळीची किती आठवण येई, ते शब्दांत सांगता यायचे नाही. तेव्हा चिटणीसबाईंनी 'तू काय शिकलीस ते आम्हांला सांग' असे म्हटल्यावर नाही म्हणणे मला शक्यच नव्हते.

परंतु खरे सांगायचे तर आजचे भाषण चिटणीसबाईंच्या पत्रामुळे नव्हे, दुसऱ्याच एका प्रश्नामुळे सुचले. मी परत आल्यावर आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारले, "डॉक्टर होणारी डॉक्टरकी शिकते. इंजिनियर होणारा यंत्रे शिकतो. तू तीन वर्षे नि एवढे पैसे घालून मॅनेजमेंट शिकलीस म्हणजे काय ग शिकलीस? दुसऱ्याकडून काम करून घ्यायला? ते तर आम्ही रोज घरात करतो!" मी हसले, पण मला उत्तर देता आले नाही. आज ते उत्तर द्यायचा यथामति प्रयत्न करते.

प्रथम थोडी माहिती सांगते. व्यवस्थापन हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय होऊ शकतो, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात जोसेफ व्हार्टन नावाच्या कारखानदाराच्या देणगीतून १८८१ साली असे पहिले विद्यालय निघाले. बर्मिंगहॅमला विद्यापीठाची सनद मिळाली १९०० साली, आणि दोनच वर्षांनी, १९०२ साली, तेथे ब्रिटनमधील पहिली वाणिज्य शाखा सुरू झाली. विल्यम ॲश्ले नावाचे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक हार्वर्डहून मुद्दाम त्यासाठी आले होते. कारखान्यांच्या त्या गावाला वाटले, की मुलाला धंदा बापाच्या हाताखाली शिकता येतो हे खरे, पण बापाच्या चुकाही तो त्याबरोबर शिकतो. आपल्याकडे मुंबईचे सिडनॅम कॉलेज १९१३ साली निघाले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली तेथेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. सांगायचा हेतू इतकाच, की हे काही कालचे खूळ नव्हे.

आता माझी गोष्ट. तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे की आमची खानावळ आहे. वडील मी सातवीत असताना गेले, पण खानावळ त्याच्याही आधीची. गावभागातले घर, पुढच्या दोन खोल्यांत जेवणारांच्या पंगती, मागे स्वयंपाकघर. आईच्या हातच्या आमटीवर जत-आटपाडीकडची किती मुले विलिंग्डनमध्ये शिकून गेली, त्याची मोजदाद नाही. मला मात्र, आज कबूल करायला हरकत नाही, त्या खानावळीची लाज वाटे. शाळेत कोणी "आई काय करते?" विचारले की मी "घरीच असते" म्हणून सांगे. मॅनेजमेंट शिकायचे माझ्या मनाने घेतले त्यात ज्ञानाची ओढ किती आणि फोडणीच्या वासापासून दूर पळायची ओढ किती, हे मी आज नक्की सांगू शकणार नाही.

बारावीला गुण चांगले पडले. फीचा काही भाग शिष्यवृत्तीने माफ झाला. पण परदेशी विद्यार्थ्याची फी तेथील मुलांच्या दुपटीहून अधिक असते, आणि उरलेल्या रकमेसाठी आईने राहते घर बँकेकडे तारण ठेवले. कागदांवर सही करताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटले ती रागावली आहे. पुढे कळले, डोळ्यांतले पाणी दिसू नये म्हणून तिने मान वर केली नव्हती.

विद्यापीठ तांबड्या विटांचे, फार देखणे. मध्यभागी सुमारे शंभर मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे. त्याला सगळे 'ओल्ड जो' म्हणतात. मनोऱ्याखालून जाताना घड्याळाचे टोले पडले तर तो विद्यार्थी नापास होतो, अशी तेथे समजूत आहे. मांजर आडवे गेले की दोन पावले मागे सरणारी आपण माणसे. मला ते ऐकून फार बरे वाटले. साहेबाच्या देशातही असे आहे म्हणायचे! मी तीन वर्षे त्या मनोऱ्याला वळसा घालून गेले.

पहिल्या वर्षी हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मालाची विक्री कशी वाढवावी याचे शास्त्र, आणि माणसे एकत्र काम करताना कशी वागतात याचे शास्त्र, असे विषय होते. व्याख्यानाला शेकडो मुले बसत, आणि मग वीस-पंचवीसांच्या लहान वर्गात चर्चा होई. चर्चेत मी पहिले दोन महिने तोंड उघडले नाही. आपल्याकडे विचारल्याशिवाय बोलू नये हे वळण. तेथे न बोलणाऱ्याला काही ठाऊकच नाही असे समजतात.

पहिला निबंध मी पुस्तकातील उतारेच्या उतारे डोक्यात ठेवून मोठ्या ऐटीत लिहिला. शंभरपैकी ४८ गुण पडले. खाली बाईंनी एवढेच लिहिले होते, की पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक आहे, तुझे म्हणणे काय आहे? बारा वर्षांच्या शाळेत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही. पुढे एका विषयात ६२ गुण मिळाले तेव्हा आनंदाने आईला फोन केला, तर ती म्हणाली, "असू दे हो, पुढच्या वेळी जास्त मिळतील." तेथे सत्तरला पहिला वर्ग आणि साठाच्या पुढे चांगले, हे तिला पटवायला मला एक अख्खा रविवार लागला.

दुसरी फजिती याहून मोठी. पाच जणांनी मिळून एक अहवाल लिहायचा होता. एक मुलगी चीनची, एक मुलगा नायजेरियाचा, दोघे इंग्रज, आणि मी. पहिल्या बैठकीला एक जण उशिरा आला, दुसऱ्याने लिहिलेले पान मला पसंत पडले नाही. मग मी काय केले? दोन रात्री जागून सगळा अहवाल एकटीने लिहून टाकला. मला वाटले, आता सगळे माझे उपकार मानतील. पण आमच्यापैकी प्रत्येकाने इतरांविषयी गुप्तपणे मत द्यायचे होते, आणि चौघांनीही माझ्याविषयी एकच तक्रार केली, की ही आम्हांला काम करूच देत नाही. माझे गुण कमी झाले. मी संतापले. खोलीवर येऊन भांडी घासता घासता एकदम आठवले, आमची आई आमटीत मीठ दुसऱ्या कोणाला घालू देत नाही. ताप असला तरी उठून स्वतः घालते. मग मदतीच्या बायकांना ती आमटी येणार तरी कशी?

काकू, तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा पहिला तुकडा. दुसऱ्याकडून काम करून घेणे म्हणजे हुकूम सोडणे नव्हे, आणि सगळे आपणच करून मग थकल्याची तक्रार करणे तर मुळीच नव्हे. मेरी पार्कर फॉलेट नावाची एक अमेरिकन विदुषी गेल्या शतकाच्या आरंभी होऊन गेली. वाचनालयातील एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला स्वतःला ती बंद हवी होती. अशा वेळी कोणीतरी दुसऱ्यावर मात करतो, नाहीतर अर्धी खिडकी उघडून दोघेही असंतुष्ट राहतात. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, हिच्या अंगावर वारा आला नाही. एवढ्याशा गोष्टीतून तिने सांगितले, की माणूस मागतो काय ते ऐकून थांबू नये, त्याला ते कशासाठी हवे ते विचारावे. आपल्या मंडळात हळदीकुंकवाच्या तारखेवरून जे होते, तेव्हा मला ही खिडकी हटकून आठवते. (हशा)

आणखी एका बाईची ओळख करून देते. लिलियन गिलब्रेथ. जन्म १८७८ चा. नवराबायको दोघे मिळून कारखान्यांत जात, कामगार एकेका कामाला किती हालचाली करतो ते मोजत, आणि त्यातल्या निरर्थक हालचाली काढून टाकत. १९१४ साली तिने व्यवस्थापनातील मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले, तर त्यावर नावाची नुसती आद्याक्षरे छापली, बाईचे पुस्तक आहे हे कळू नये म्हणून! १९२४ साली नवरा अकस्मात वारला तेव्हा अकरा मुले तिच्या पदरात होती. कारखानदारांनी बाईला काम द्यायला टाळाटाळ केली. तेव्हा तिने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. ओटा किती उंच हवा, चुलीपासून पाणी किती पावलांवर हवे, हे तिने मोजून काढले. पायाने झाकण उघडणारी कचऱ्याची टोपली आज आपल्या घरात असते, ती कल्पना तिचीच म्हणतात. एवढे मोठे शास्त्र, नि ते एका विधवेने स्वयंपाकघरात पावले मोजून वाढवले, हे वाचले तेव्हा मला आमच्या मागच्या खोलीची प्रथमच थोडी कमी लाज वाटली.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

खर्चाला हातभार म्हणून दुसऱ्या वर्षी मी एका उपाहारगृहात भांडी घासण्याचे आणि वाढण्याचे काम धरले. विद्यार्थ्याला शिकवणीच्या दिवसांत आठवड्याला २० तासच काम करता येते. माझे वय तेव्हा एकोणीस. त्या वयाला कायद्याने किमान दर तासाला ६ पौंड ८३ पेन्स होता. पहिल्या पगाराचा कागद हातात आला. त्यावर तास लिहिलेले, दर लिहिलेला, गुणाकार केलेला. एका शनिवारी मी अर्धा तास जास्त थांबले होते, तो अर्धा तासही होता. भगिनींनो, मी तो कागद घेऊन बसथांब्यावर उभी राहिले आणि मला आईची पहाटेची साडेचारची बत्ती दिसू लागली. तिचे तास कोणत्या कागदावर आहेत?

२०२३ च्या उन्हाळ्यात मी सांगलीला आले. हिशेबशास्त्रात तोवर बऱ्यापैकी गती आली होती. आईच्या वह्या मागितल्या. जुन्या वह्या २०१९ च्या महापुरात गेल्या. कृष्णेचे पाणी आमच्या माजघरात छातीइतके चढले होते, ते तुम्ही विसरला नसाल. पण पुरानंतरच्या वह्या सगळ्या होत्या. आईचा हिशेब पैशाला चुकत नाही. एका महिन्याचा आकडा आईच्या परवानगीने तुम्हांला सांगते.

दोन्ही वेळ जेवणारे ४२ जण, प्रत्येकी २,८०० रुपये, जमा १,१७,६००. खर्च असा: धान्य व किराणा ४६,०००, भाजी व दूध १९,५००, गॅस ९,५००, वीज-पाणी २,६००, मदतीच्या दोघी बायकांचे पगार १४,०००. एकूण ९१,६००. शिल्लक २६,०००. वहीत तिने 'शिल्लक' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. एकटी बाई घर चालवून महिन्याला सव्वीस हजार मागे टाकते, हे काही थोडे नव्हे.

मग मी आईच्या मागे घड्याळ घेऊन बसले. पहाटे साडेचार ते अकरा, आणि दुपारी चार ते रात्री साडेनऊ. दिवसाचे बारा तास. सुट्टी म्हणाल तर रविवारची संध्याकाळ. महिन्याचे ३३८ तास झाले. सव्वीस हजारांना त्याने भागले, तर तासाला ७७ रुपये पडले. मदतीला येणाऱ्या बायका रोज तीन तास, महिन्याला २६ दिवस येत. त्यांना सात हजार, म्हणजे तासाला जवळजवळ ९० रुपये. मालकिणीपेक्षा मोलकरणीचा दर जास्त! आणखी, पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या असत्या तर सहा हजार आले असते, ते वेगळेच. आईने स्वतःला त्या बायकांइतकाच पगार धरला असता, आणि खोल्यांचे भाडे धरले असते, तर खानावळ दरमहा १०,४२० रुपयांनी तोट्यात होती.

मी हा कागद मोठ्या शोधासारखा आईपुढे ठेवला. मला वाटले तिला धक्का बसेल. ती भाकरी थापत होती. कागद तिने वाचला, आणि म्हणाली, "अगं, हे मला ठाऊक नाही असे वाटले होय तुला? आकडा ठाऊक नव्हता. बाकी सगळे ठाऊक आहे."

मी म्हटले, "मग दर का वाढवत नाहीस?"

"तीनशे रुपये वाढवले की काय होते ते तुला सांगू? नोकरीवाले कुरकुरून देतात. जतकडची दोन पोरे रात्रीचे जेवण बंद करतात. बाहेर वडापाव खातात नि इथे येऊन नुसती बसतात. तुझ्या पुस्तकात त्यांचा रकाना आहे का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या पुस्तकात तो रकाना नव्हता. पण मी धीर करून म्हटले, "नाही. पण तुझ्या वहीत तुझा रकाना नाही, त्याचे काय?"

आई गप्प झाली. तव्यावरची भाकरी करपली. माझ्या आठवणीत आईची भाकरी करपलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली. त्या विषयावर ती मी परत जाईपर्यंत बोलली नाही, आणि मला वाटले, मी शहाणपणाच्या भरात तिचे मन दुखवले.

सप्टेंबरमध्ये मी बर्मिंगहॅमला पोहोचते न पोहोचते तोच तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी शहराच्या नगरपालिकेने जाहीर केले, की आमच्यापाशी पैसा नाही, अत्यावश्यक कामांखेरीज नवा खर्च बंद. एवढ्या मोठ्या शहराची नगरपालिका! कारणे अनेक होती. हिशेबाच्या नव्या संगणकव्यवस्थेवर झालेला भरमसाट खर्च हेही एक होते. पण सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक ऐकून मी खुर्चीतच बसून राहिले. नगरपालिकेकडे शाळांत स्वयंपाक करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या हजारो बायका होत्या. त्याच श्रेणीच्या पुरुषांना, म्हणजे कचरा उचलणारांना, रस्ते झाडणारांना, वर्षानुवर्षे बोनस मिळे. बायकांना मिळत नसे. बायका न्यायालयात गेल्या. २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, काम सोडून गेलेल्या बायकांनाही आपला दावा दिवाणी न्यायालयात मांडता येईल, असा निकाल दिला. तेव्हापासून २०२३ पर्यंत नगरपालिकेने सुमारे ११० कोटी पौंड चुकते केले होते, आणि तरी आणखी ६५ ते ७६ कोटी पौंड देणे निघेल असा तिचाच त्या वर्षीचा अंदाज होता.

वर्गात या विषयावर चर्चा झाली. कोणी म्हणाले, बायकांच्या दाव्यांमुळे शहर बुडाले. दोन वर्षांपूर्वी तोंड न उघडणारी मी त्या दिवशी हात वर केला. मी म्हटले, बायकांमुळे देणे निर्माण झाले नाही. देणे पहिल्या दिवसापासून होतेच. ते वहीत लिहिलेले नव्हते, इतकेच. आणि मग आमच्या खानावळीचा हिशेब मी फळ्यावर मांडला. ज्या खानावळीचे नाव मी शाळेत कधी घेतले नव्हते, तिचा हिशेब वीस परक्या मुलांपुढे मांडताना माझा हात थरथरत होता. पण लाजेने नव्हे.

चर्चेनंतर बाईंनी विचारले, की बायकांना मोबदला मिळेल आणि धंदाही टिकेल, असे उदाहरण तुझ्या देशात आहे का? मी लिज्जत पापडाची हकीकत सांगितली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पुड्या झाल्या. देणगी घ्यायची नाही असे त्यांनी ठरवले. आज हजारो बायका सकाळी पीठ घरी नेतात, लाटून आणतात, आणि लाटणावळ पदरात पडते. लाटणारी प्रत्येक जण संस्थेची भागीदार. माझ्या मते त्यातील मर्म असे, की लाटणावळ हा तेथे खर्चाचा ठरलेला रकाना आहे. शिल्लक राहिली तर देऊ, असा तो मामला नाही.

त्याच हिवाळ्यात एका रात्री आईचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "या महिन्यापासून वहीत माझे लिहिले. आधी माझा पगार, मग शिल्लक. शिल्लक फार थोडी दिसते ग, बघवत नाही." मग हळूच म्हणाली, "पण खरी दिसते."

पुढे मायलेकींनी फोनवरूनच काही गोष्टी ठरवल्या. डबा नेणाऱ्या नोकरदारांचा दर तीनशेने वाढवला, कॉलेजच्या मुलांचा आहे तोच ठेवला. रविवार पूर्ण बंद. तिसरी बाई मदतीला घेतली, आणि आमटीत मीठ घालायचा अधिकार तिला रीतसर बहाल करण्यात आला. पहिले आठ दिवस आमटी अळणी होती, असे मला पत्रांनी नव्हे, पण आळीतल्या तुम्हां सर्वांच्या निरोपांनी कळत होतेच! (हशा) आता आई दुपारी तासभर पडते. गुडघे मात्र गेले ते गेलेच. ते तास मागे जाऊन वहीत लिहिता येत नाहीत.

आता माझ्या मुली-मैत्रिणींसाठी दोन शब्द, कारण परदेशाच्या गोष्टी ऐकून कोणाचा गैरसमज होऊ नये. २०२४ साली मला पदवी मिळाली. परत आल्यावर चार महिने नोकरी नव्हती. आज पुण्यात एका कारखान्यात उत्पादनखर्चाचा हिशेब पाहते. पहिला पगार असा होता, की इथे बी.कॉम. झालेल्या माझ्या मैत्रिणीला तो मिळतच होता. घरावरचे कर्ज अजून फिटलेले नाही. ते फिटेपर्यंत माझ्या शिक्षणाचा हिशेब मी जमेच्या बाजूला मांडणार नाही. नाहीतर मग मी शिकले तरी काय? व्यवस्थापन शिकायला इंग्लंडच गाठले पाहिजे असे नाही. मुंबई विद्यापीठाने हा पदवीचा अभ्यासक्रम १९९९ च्या सुमारास सुरू केला, आणि २०२४ पासून आपल्या राज्यात त्यासाठी प्रवेशपरीक्षाही घेण्यात येऊ लागली. कुठेही शिका, पण घर तारण ठेवण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि तो हिशेब आईबरोबर बसून करा.

शेवटी एक विनंती, आणि माझे भाषण संपवते.

आपले मंडळ दर दिवाळीला फराळ करते. चकली, चिवडा, अनारसे. गेल्या वर्षीच्या अहवालात फराळ विभागाला बऱ्यापैकी नफा झाल्याचे वाचले आणि आनंद झाला. त्या पैशातून दोन मुलींची फी भरली गेली, हे तर भूषणच. पण अहवालात बेसन आहे, तूप आहे, गॅस आहे. तीस-चाळीस बायकांचे बारा-पंधरा दिवस नाहीत. कोषाध्यक्ष काकूंना मी हे आधीच बोलले. त्या म्हणाल्या, "आम्ही हौसेने करतो. आणि तास धरले तर नफा कुठला, तोटाच दिसेल!"

काकू, दिसू द्या. पैसे घ्यायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. हौसेने दिलेले तास हे दानच आहे, आणि दान लिहून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. देवळाच्या पायरीवर सव्वा रुपया देणाऱ्याचे नाव कोरतात, मग चकलीच्या सोऱ्यापुढे पंधरा दिवस उभी राहणारीचे तास वहीत एका ओळीत मावणार नाहीत काय? यंदाच्या अहवालात तेवढी एक ओळ घालावी. ज्या मुलींची फी आपण भरतो, त्यांनाही कळू द्या की ती कशातून आली. माझी कशातून आली हे कळायला मला सात समुद्रांपलीकडे जाऊन भांडी घासावी लागली.

आणि काकू, तुम्ही विचारले होते ना, मी काय शिकले? घरात तुम्ही जे रोज करता, तेच. मात्र तिथे ते वहीत लिहायला शिकवतात.